नवं कार्पेट, तीन आठवड्यांत सुरकुत्या. दोष मालाचा की हाताचा?

ओसरी | ६ ऑक्टोबर, २१:४०

नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ १९३०च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड (एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक) घर घेतलं. वर दोन खोल्या, मधे जिना, खाली लांबलचक हॉल. हॉलचा मागचा भाग आधीच्या कुठल्यातरी मालकाने वाढवलेला आहे. जुन्या कार्पेटांना कुत्र्याचा वास येत होता म्हणून सगळी बदलली. दुकानात 'फिटिंग मोफत' अशी पाटी होती. आपला मराठी जीव, मोफत म्हटल्यावर पुढचं काही विचारलं नाही.

दोन मुलं सकाळी नऊला आली. जुनं काढलं, नवं अंथरलं, चहा प्यायली आणि दीड वाजता गेलीसुद्धा. घर इतकं देखणं दिसत होतं की मी वर दहा पौंड हातावर ठेवले.

आज तीन आठवडे झाले. हॉलच्या मधोमध दोन सुरकुत्या आल्यात, आमचा अडीच वर्षांचा त्यांवरून मोटार उडवतो. हॉल साडेचार मीटर रुंद आणि कार्पेटचा पन्ना चार, त्यामुळे डाव्या भिंतीलगत अर्ध्या मीटरची पट्टी जोडली आहे. ती पट्टी संध्याकाळी वेगळ्याच रंगाची वाटते. मागच्या बाजूला, वाढवलेला भाग सुरू होतो तिथे पायाला आडवा उंचवटा लागतो. खिडकीखाली अनवाणी चाललं की काहीतरी टोचतं. बेडरूमचं दार खाली घासतं.

दुकानदार म्हणतो, "बसेल हळूहळू." साताऱ्याहून बाबांनी व्हिडिओ कॉलवर सगळं पाहिलं आणि एकच विचारलं, "खालची जमीन बघितली होतीस का?" नव्हती बघितली.

यातलं खरोखर चुकलेलं काय आणि मी उगाच कुरकुरतोय ते काय, हे कोणी सांगेल का?

लिंबूटिंबू | ६ ऑक्टोबर, २२:०५

चहा प्यायली ना? मग झालं. आमच्याकडे गवंडी चहा पिऊन गेला की काम पूर्ण समजतात.

(बसले आहे, वाचतेय.)

कैरीपन्हं | ७ ऑक्टोबर, ०२:१८

मी अमेरिकेत, जॉर्जियात. इथलं डाल्टन हे कार्पेटचं माहेरघर. तिथल्या एका गिरणीत काही वर्षं तक्रारी तपासायचं काम केलंय. गिऱ्हाईक म्हणतं माल खराब, बसवणारा म्हणतो माल खराब, आणि गाडी काढून बघायला जावं तर दहातल्या बऱ्याच वेळा माल बिचारा ठणठणीत असतो.

सुरकुत्या म्हणजे बहुतेक वेळा ताण कमी पडलाय. भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट नुसतं अंथरायचं नसतं, ताणून चारी कडांना अडकवायचं असतं. त्याची दोन हत्यारं. एक नी-किकर: हातभर लांब, पुढे दात, मागे उशी, तिला गुडघ्याने धक्का द्यायचा. दुसरं पॉवर स्ट्रेचर: नळीला नळी जोडत समोरच्या भिंतीला टेकवायची आणि तरफ दाबून ताण द्यायचा. किकर कोपरे, कपाटं, जिना यांसाठी. मोठी खोली नुसत्या किकरवर उरकली की सुरकुत्या आल्याच म्हणून समजा. आमच्याकडे कार्पेट अँड रग इन्स्टिट्यूटचे नियम आहेत. त्यांत घरगुती टफ्टेड (पाठीच्या कापडात लवेचे धागे टोचून केलेल्या) कार्पेटला लांबी आणि रुंदी दोन्हीकडून एक ते दीड टक्का ताण धरतात. म्हणजे पाच मीटरच्या खोलीत पाच ते साडेसात सेंटिमीटर कार्पेट ताणून बाहेर यायला हवं. गुडघ्याने एवढं निघत नाही.

दुसरं कारण घाई. थंड गाडीतून आलेला गुंडाळा लगेच पसरून ताणला की गरम खोलीत तो सैल पडतो. खोलीच्या तापमानाला दिवसभर ठेवायला हवा.

'बसेल हळूहळू' हे गुंडाळीच्या घड्यांबद्दल खरं आहे. आठवड्या-दोन आठवड्यांनंतर आलेल्या लाटेबद्दल नाही. ती वाढते, आणि तिच्यावरून कपाट सरकवलं तर तिथे कायमची मोडते.

त्या मुलांच्या हातात लांब नळ्यांची पेटी होती का, आठवतंय?

ओसरी | ७ ऑक्टोबर, ०८:१२

पेटीबिटी काही नाही. गुडघा मारताना दोघांनाही पाहिलं. वरच्या खोलीत तर फक्त पायाने सरकवलं असावं, कारण मी खाली चहा करत होतो आणि वीस मिनिटांत ते खाली आले.

मांडवीकाठ | ७ ऑक्टोबर, २०:३३

मी मूळ म्हापशाचा, स्विंडनला राहतो, अकरा वर्षं हेच काम करतो. (स्विंडनला गोंयकार खूप, पण फिटर फार थोडे. बहुतेक गोदामांत.) म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमची पट्टी. हात फिरवून बघा. मखमलीला लव असते तशी कार्पेटलाही असते. एका दिशेने हात गुळगुळीत जातो, उलटा फिरवला की अडतो. मोठ्या तुकड्यावर आणि पट्टीवर एकाच दिशेने हात फिरवा. पट्टीवर उलटं लागलं तर त्यांनी उरलेला तुकडा फिरवून लावलाय. ही शुद्ध चूक, इथे वाद नाही. जोड कुठे घेतला ते मात्र बरोबर आहे: चालायच्या वाटेवर नाही, भिंतीलगत, आणि तुमची मोठी खिडकी मागे असेल तर उजेड जोडाच्या लांबीने पडतो, आडवा नाही. म्हणजे माप घेणाऱ्याला अक्कल होती, बसवणाऱ्याला घाई.

आता खिडकीखालचं टोचणं. कोपऱ्यात पक्कडीने लव धरून हळूच वर ओढा, कार्पेट सुटेल. खाली लाकडी पट्टी दिसेल, तिच्यावर तिरके खिळे. तो ग्रिपर. आता बघा:

खिळ्यांची टोकं भिंतीकडे झुकलेली हवीत. खोलीकडे असतील तर कार्पेट अडकत नाही आणि तुमच्या पायाला लागतं.

ग्रिपर आणि स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची फळी) यांच्यात फट हवी, कार्पेटच्या जाडीपेक्षा किंचित कमी. त्या फटीत कडा छिन्नीने दाबून बसवतात. फट नसेल तर कडा वर फुगते, जास्त असेल तर दरी दिसते.

अंडरले, म्हणजे कार्पेटखालचा मऊ थर, ग्रिपरला भिडून थांबायला हवं. ग्रिपरवर चढलं असेल तर खिळे बुजतात. अंडरलेचे जोड टेपने चिकटवलेले हवेत, एकावर एक चढलेले नकोत, आणि कार्पेटच्या जोडाखालीच अंडरलेचा जोड नको.

जुने ग्रिपर ठेवले म्हणून रागावू नका. घट्ट असतील, गंजले नसतील, तर आम्हीही ठेवतो.

जिन्यावर लव खाली उतरणारी हवी. प्रत्येक पायरीच्या आतल्या कोपऱ्यात दोन ग्रिपर, एक आडव्या फळीवर, एक उभ्या फळीवर, टोकं एकमेकांकडे. जिना आधी तपासा. सुरकुतीवर पोर मोटार उडवेल, पण जिन्यावर सैल कार्पेट म्हणजे कोणीतरी पडणार.

आणि 'मोफत'बद्दल. फिटरला बहुतेक ठिकाणी क्षेत्रफळावर पैसे मिळतात, दुकानाचा पगारी नोकर नसतो. मोफतमध्ये अंथरणं येतं. जमीन दुरुस्त करणं येत नाही, त्याचे पैसे वेगळे. दुकानाने ते तुम्हाला सांगितलं नाही, फिटरनेही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्याचा दिवस गेला असता. मी त्याची बाजू घेत नाही, फक्त कसं चालतं ते सांगतो. माझ्या गुडघ्यांना विचारा.

पाणसळ | ७ ऑक्टोबर, २२:५०

मांडवीकाठ, उत्तम प्रतिसाद. मी पुण्यात स्थापत्य अभियंता, कार्पेटशी संबंध नाही, पण खालच्या जमिनीशी आहे.

ओसरी, तुमच्या बाबांचा प्रश्न शंभर नंबरी. आपल्याकडे फरशी बसली की काठीने किंवा नाण्याने ठोकून पोकळ आवाज बघतात, तेव्हा आपण फरशी नाही, खालचा माल तपासत असतो. हेही तेच.

तुमचं मूळ घर १९३०चं असेल तर पुढच्या भागात बहुधा लाकडी फळ्या, खाली पोकळी, आणि बाहेरच्या भिंतीत जमिनीलगत, त्या पोकळीत हवा खेळावी म्हणून, जाळीच्या विटा. मागचा वाढीव भाग बहुधा काँक्रीट. लाकूड हवामानाप्रमाणे हलतं, काँक्रीट हलत नाही. दोघांच्या सांध्यावर तुमचा आडवा उंचवटा. कार्पेटचा यात काही दोष नाही.

मोजायची पद्धत सोपी. दोन मीटरची सरळ पट्टी जमिनीवर ठेवायची आणि खालची फट मोजायची. ब्रिटिश मानकात (बीएस ८२०४) काँक्रीटच्या सपाटीचे तीन दर्जे आहेत: दोन मीटरखाली ३ मिमी, ५ मिमी आणि १० मिमी. उताराची गल्लत करू नका. जमीन एका बाजूला उतरती असूनही सपाट असू शकते. कार्पेटला उतार चालतो, खड्डा आणि उंचवटा चालत नाही.

ओलीचंही बघा. नव्या काँक्रीटला वाळायला ढोबळ हिशेब दिवसाला एक मिलिमीटर, तोही पहिल्या ५० मिमीपुरता. त्याहून जाड थर याहून हळू वाळतो. तिकडे जमिनीवर आर्द्रतामापकाची हवाबंद पेटी निदान तीन दिवस ठेवतात आणि ७५ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय कार्पेट किंवा व्हिनाइल घालत नाहीत. लाकडी फरशीला ६५. तुमचं काँक्रीट जुनं आहे, वाळण्याचा प्रश्न नाही, पण खालून ओल चढत असेल तर गोष्ट वेगळी.

आणि त्या जाळीच्या विटा उघड्या आहेत का ते बाहेर जाऊन बघा. फुलझाडांच्या वाफ्याखाली गाडलेल्या असतात, लोकांना माहीतही नसतं.

सोलापुरी_चादर | ८ ऑक्टोबर, ०९:२६

पुण्यात कोणी भिंत ते भिंत कार्पेट करतं का? आमच्या सोसायटीत एकाने केलंय, पावसाळ्यात त्यांच्याकडे गेलं की ओल्या पोत्याचा वास येतो.

पाणसळ | ८ ऑक्टोबर, ०९:४४

करू नका. सतरंजी घाला, उन्हात टाका, झटका. प्रश्न मिटला.

जुना_कुर्लेकर | ८ ऑक्टोबर, १३:०२

अवांतर होईल, पण लिहितो. मुंबईत हॉटेलं आणि ऑफिसांची अंतर्गत कामं करवून घेण्यात आयुष्य गेलं. आमच्याकडे कार्पेट टाइल्स, ५० बाय ५० सेंटिमीटरच्या. प्रत्येक टाइलच्या पाठीवर बाण असतो. सगळे बाण एकाच दिशेला, किंवा दर टाइलला पाव फेरा, जसं डिझाइन असेल तसं. खोलीचा मध्य काढून दोरी मारायची आणि तिथून बाहेर यायचं, म्हणजे कडेला बोटभर चिरफळ्या येत नाहीत. हे न पाळता दारापासून सुरुवात करणारा मिस्त्री मी दुसऱ्या दिवशी बोलावला नाही.

एकदा जुलैत उद्घाटनाची तारीख ठरलेली. स्लॅबवर नवा कोबा घालून दोन आठवडेही झाले नव्हते. मी नको म्हणत होतो, मालक म्हणाले एसी चालू करा, सुकेल. वरून सुकला. टाइल्स लागल्या, फीत कापली, फोटो निघाले. दसऱ्याला सांध्यांतून गोंद वर आला, काकवीसारखा. सगळ्या टाइल्स काढून, कोबा वाळवून, पुन्हा. दोन्ही वेळा टाइल्स त्याच, बसवणारेही तेच. तारखेवर सही मात्र माझी होती.

लिंबूटिंबू | ८ ऑक्टोबर, १३:१५

काकवीसारखा. आता मला भाकरी खावीशी वाटतेय.

ओसरी | १२ ऑक्टोबर, १७:५८

शनिवार सत्कारणी लागला. फोटो टाकता येत नाहीयेत, म्हणून वर्णन.

पट्टी: हात फिरवला. उलटी आहे. बायकोने डोळे मिटून, आंधळी कोशिंबीर खेळतात तसं, तीनदा ओळखून दाखवली.

खिडकीखाली: ग्रिपरचा हातभर तुकडा उलटा ठोकलाय, टोकं खोलीकडे. अंडरले दोन ठिकाणी ग्रिपरवर चढलेलं. टेप कुठेच नाही. एका जागी तर जुन्या अंडरलेचा तुकडा तसाच ठेवून वर नवं.

जिना: देवकृपेने ठीक. तो बहुधा दुसऱ्या मुलाने केला असावा.

सरळ पट्टी नव्हती, ॲल्युमिनियमची पडद्याची दांडी वापरली. सांध्यावर एका बाजूने ९ मिमी फट. फळ्यांपैकी तीन पायाखाली नाचतात.

जाळीच्या विटा: समोरच्या दोन्ही वाफ्यात गाडलेल्या. पाणसळ, तुम्ही ज्योतिषी आहात.

आणि एक. मागच्या काँक्रीटवर कार्पेटखाली काळपट चौकोनी फरशा निघाल्या, साधारण ९ इंची, काही ठिकाणी तडकलेल्या. त्या खरवडून काढल्या तर उंचवटा कमी होईल का?

मांडवीकाठ | १२ ऑक्टोबर, १८:०६

थांबा. हात लावू नका. खरवडू नका, घासू नका, झाडूही मारू नका.

९ इंची जुन्या फरशा आणि खालचा काळा गोंद, दोन्हींत ॲस्बेस्टॉस असू शकतो, त्याची धूळ फुप्फुसांना घातक. इथे त्याच्यावर पूर्ण बंदी १९९९ साली आली, त्याआधीच्या घरांत असं काही निघालं की आधी नमुना प्रयोगशाळेत. शाबूत असतील आणि कोणी हलवल्या नाहीत तर बहुधा त्या जागच्या जागी ठेवून वरून झाकता येतात. धोका फोडण्यात, भोक पाडण्यात आहे. म्हणूनच विचारतो, त्या भागात ग्रिपर खिळ्यांनी ठोकलेत का?

ओसरी | १२ ऑक्टोबर, १८:२०

हो. खिळे फरशीतून आरपार. आता भीती वाटायला लागली. पोराला वरच्या मजल्यावर हलवलंय.

मांडवीकाठ | १२ ऑक्टोबर, १८:३१

घाबरू नका. ठोकून तीन आठवडे झाले, कार्पेट वर आहे. उघडं केलेलं पुन्हा झाका, दार लावा, सोमवारी नमुन्याचं बघा. पण जुन्या घरात, काळ्या फरशीवर, न बघता खिळे मारणाऱ्या माणसाला फिटर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हे पहिल्या पाच मिनिटांत दिसतं. हेच बघण्यासाठी तर जुनं कार्पेट उचलल्यावर चालून बघायचं असतं.

काळाकोट | १२ ऑक्टोबर, २१:१४

लंडनमध्ये वकिली करतो, थोडक्यात. कंझ्युमर राइट्स ॲक्ट २०१५: सेवा वाजवी काळजीने आणि कौशल्याने द्यायलाच हवी. नसेल तर आधी काम पुन्हा करून मागण्याचा हक्क, तेही विनाशुल्क आणि वाजवी वेळात. ते जमलं नाही तर किंमत कमी करून मागा. फिटर त्यांचा कर्मचारी नाही, ही सबब तुमच्याशी करार दुकानाने केला असेल तर चालत नाही. पावतीवर फिटिंग आहे का बघा. मोफत असलं तरी ओळ असते. पैसे क्रेडिट कार्डावर भरले असतील आणि किंमत १०० पौंडांहून जास्त, ३०,००० पर्यंत असेल तर कंझ्युमर क्रेडिट ॲक्ट १९७४च्या कलम ७५ खाली बँकही जबाबदार धरता येते.

सगळं लेखी. फोनवर भांडू नका. आणि कार्पेट स्वतः पूर्ण उचलू नका, नाहीतर ते म्हणतील तुम्हीच बिघडवलं.

कैरीपन्हं | १३ ऑक्टोबर, ०३:४०

काळाकोट यांना अनुमोदन. फक्त तक्रारीत पट्टीबद्दल 'रंग वेगळा' असं लिहू नका. रंग म्हटलं की ते मालावर ढकलतात, गिरणीकडे नमुना, सहा आठवडे. 'लवेची दिशा उलटी' असं लिहा.

आणखी एक, पुढे उपयोगी पडेल. हिवाळ्यात स्कर्टिंगच्या कडेने काळी रेघ उमटली तर ती साफसफाईची चूक समजू नका. फळ्यांखालून येणारी हवा कडेच्या फटीतून वर येते, कार्पेट गाळणीसारखं धूळ धरतं. जाळीच्या विटा उघडल्यावर तुमच्याकडे हे होणार. विटा पुन्हा बुजवायच्या नाहीत, फट भरायची.

ओसरी | १६ नोव्हेंबर, २०:२५

धागा वर काढतोय. खूप जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं.

नमुन्यात ॲस्बेस्टॉस निघाला. अहवाल आणि पत्र दोन्ही दुकानाला पाठवल्यावर त्यांचा सूर एका दिवसात बदलला. 'बसेल हळूहळू' म्हणणारा माणूस पुन्हा फोनवर आलाच नाही. साठीच्या आसपासचा एक फिटर पाठवला. आल्या आल्या त्याने बूट काढले आणि मोज्यांवर सगळा हॉल चालून बघितला, हळूहळू, काही न बोलता. मला आजी आठवली, सारवलेल्या जमिनीवर पाय ठेवून कुठे ओल आहे सांगायची.

मागच्या फरशांचं काम परवाना असलेल्या माणसांनी केलं. फरशा जागेवरच ठेवल्या, तडकलेल्या भागावर उपचार, मग प्रायमर आणि लेव्हलिंगचं, म्हणजे जमीन सपाट करणारं, कंपाउंड. सांध्यावर उतार काढून आणला, आता पायाला कळत नाही. त्या भागात ग्रिपर चिकटवलेत, एकही खिळा नाही. पुढच्या फळ्या स्क्रूने आवळल्या. स्क्रू मारण्याआधी म्हाताऱ्याने एक फळी उचलून खालचे पाण्याचे पाइप बघून घेतले. वर ६ मिमी प्लाय.

प्लाय आणि कंपाउंड यांचे पैसे मला वेगळे द्यावे लागले. कुरकुर केली, पण ते मूळ कामात नव्हतंच, हे काळाकोट यांनीही व्यनित सांगितलं. पट्टी, अंडरले, पुन्हा ताणणं, फरशांवरचा खर्च दुकानाने सोसला.

पट्टीसाठी नवा तुकडा मागवला तर रंगाची खेप वेगळी आली, संध्याकाळी फरक दिसायचाच. शेवटी म्हाताऱ्याने वरच्या बेडरूमच्या उरलेल्या गुंडाळ्यातून, जो मी माळ्यावर टाकणार होतो, बरोबर लवेची पट्टी काढली. जोड कुठे आहे ते मला माहीत आहे म्हणून दिसतो.

पॉवर स्ट्रेचरची पेटी होती. ताणल्यावर एका बाजूने कापलेली चिंधी मोजली: सहा सेंटिमीटर. जपून ठेवली आहे.

आता एकच राहिलं. बेडरूमचं दार अजून घासतंय, आणि प्लायमुळे आता हॉलचंही घासतं. ते म्हणाले दारं आमच्या कामात नाहीत. रंधा भाड्याने मिळतो का इथे?

मांडवीकाठ | १६ नोव्हेंबर, २१:०२

म्हाताऱ्याचा नंबर जपून ठेवा.

दारं खरंच आमच्या कामात नसतात, पण आधी सांगायला हवं होतं. रंध्याने खालची कड तासत बसाल तर रविवार जाईल. दार बिजागऱ्यांवरून उतरवा, दोन स्टुलांवर आडवं ठेवा, खालून किती कापायचं त्याची रेघ मारा, रेघेवर चिकटपट्टी लावा म्हणजे रंगाच्या कपच्या उडणार नाहीत, आणि गोल करवतीने एका दमात. आधी दार बंद करून आणि पूर्ण उघडून दोन्हीकडे माप घ्या, नवी जमीन सगळीकडे सारखी उंच नसते. कापलेल्या कडेला रंग लावायला विसरू नका, नाहीतर लाकूड ओल ओढतं.

देव बरें करूं.

लिंबूटिंबू | १६ नोव्हेंबर, २१:१०

आणि ओसरी, या वेळी चहा काम झाल्यावर.